गांवचीं माणसें आणि सातबाऱ्यावरचीं नांवें

आमच्या शेतकरी बंधूंच्या बैठकींत अलीकडे दोन तक्रारी हटकून ऐकूं येतात. पहिली अशी कीं, माणसें फार वाढलीं, जमीन पुरेनाशी झाली, एकेका बांधाला चार-चार वाटेकरी उभे राहिले. दुसरी अशी कीं, काढणीच्या वेळीं गांवांत माणूस मिळत नाहीं, खुरपणीला बाया मिळत नाहींत आणि घरोघर म्हातारींच माणसें उरलीं आहेत. गंमत ही कीं, या दोन्ही तक्रारी पुष्कळदां एकाच तोंडून, आणि तोंडांतला विडा संपण्याच्या आंत ऐकावयास मिळतात. माणसें जर फार झालीं, तर मजूर कां मिळूं नयेत? आणि माणसें जर कमी झालीं, तर इतके वाटेकरी आले कोठून? महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां खातेउतारे, वारसनोंदी आणि फेरफार यांचीं हजारों पानें आमच्या हातांखालून गेलीं, तरी हें कोडें आम्हांसही बरेच दिवस सुटलें नव्हतें. पुढें खानेसुमारीचे, म्हणजे आज जिला जनगणना म्हणतात तिचे, आंकडे आणि शेतीगणनेचे आंकडे शेजारीं शेजारीं मांडून पाहिले. तेव्हां दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, मात्र त्या दोन निरनिराळ्या गोष्टींविषयींच्या आहेत, असें ध्यानांत आलें. तो खुलासा वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम कांहीं मूळ गोष्टी सांगणें अवश्य आहे. कोणत्याही गांवची लोकसंख्या कमी-अधिक होण्यास चारच वाटा आहेत. दोन आंत येण्याच्या, त्या म्हणजे जन्म आणि बाहेरून येऊन वस्ती करणें. दोन बाहेर जाण्याच्या, त्या म्हणजे मृत्यु आणि गांव सोडणें. पांचवी वाट नाहीं. विहिरीच्या पाण्याचा हिशेब जसा झरे किती आणि उपसा किती यावर बसतो, तसाच हा हिशेब आहे; आणि विहिरीप्रमाणेंच येथेंही नुसती पातळी पाहून झरा वाढला कीं उपसा कमी झाला हें कळत नाहीं. म्हणून दर हजार वस्तीमागें वर्षाकाठीं जन्म किती, यास जन्मप्रमाण, आणि मरण किती, यास मृत्युप्रमाण अशीं नांवें देऊन दोन्ही वेगळीं मोजण्याची पद्धति आहे.

पूर्वीं लोक पुष्कळ मुलें होऊं देत म्हणून लोकसंख्या वाढली, असें सरसकट म्हणण्यांत येतें. तें बरोबर नाहीं. सन १९११ ते १९२१ या दहा वर्षांत हिंदुस्थानांत दर हजारीं वर्षास सुमारें ४८ मुलें जन्मत आणि सुमारें ४७ माणसें मरत. म्हणजे घरोघर पाळणा हालत होता, पण तिरडीही तितक्याच वेळां उचलली जात होती. आज जेवढ्या मुलखास आपण महाराष्ट्र म्हणतों, त्याची वस्ती १९११ सालीं २ कोटि १५ लाख होती, ती १९२१ सालीं २ कोटि ८ लाखांवर उतरली. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेल्या गांठीच्या रोगानें गांवेंच्या गांवें माळावर झोपड्यांत राहावयास लाविलीं होतीं. त्यावर १९१८ सालीं मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली, आणि त्याच सालीं पाऊसही दगा देऊन गेला. त्या एका साथीनें मुंबई इलाख्यांत दहा लाखांवर माणसें नेलीं. त्या दशकांत हिंदी माणसाचें सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होतें, हें वाचून पुष्कळांस वाटतें कीं, तेव्हां लोक विशींतच मरत असत. तसें नव्हे. सत्तरी गांठणारे आजोबा तेव्हांही होते. पण त्यांच्याच घरांत चार मुलें पांच वर्षांच्या आंत गेलेलीं असत, आणि त्या चौघांमुळें सरासरी खालीं येई.

१९२१ नंतर मात्र पारडें फिरलें. तेव्हांपासून झालेल्या प्रत्येक खानेसुमारींत देशाची वस्ती चढतीच निघाली आहे. यांत जन्म वाढले नाहींत, मरणें कमी झालीं. गांठीचा रोग ओसरला. रेल्वेनें धान्य एका मुलखांतून दुसऱ्या मुलखांत जाऊं लागलें. देवीची लस खेडोपाडीं पोंचली, आणि १९७५ सालीं देवी या देशांतून कायमची गेली. १९५३ पासून हिंवतापाविरुद्ध मोहीम निघाली आणि घरांच्या भिंतींवर औषध फवारलें गेलें. पण मरणें कमी झालीं म्हणून जन्म त्याच वर्षीं कमी होत नाहींत. पोर जगेल असा आईबापांस भरंवसा वाटल्यावांचून कोणी पाळणा थांबवीत नाहीं, आणि तो भरंवसा वाटावयास एक पिढी जावी लागते. देशांत १९७१ सालीं दर हजार जन्मांमागें १२९ अर्भकें वर्षाच्या आंत दगावत असत. १९७१ सालच्या आईबापांनीं पांच मुलें होऊं दिलीं, तर त्यांस अडाणी म्हणणें अन्यायाचें होईल. २०२० सालीं हाच आंकडा २८ वर आला होता. संततिनियमनाचा विचार मात्र आपल्याकडे फार आधीं आला. रघुनाथराव कर्वे यांनीं १९२१ सालींच मुंबईंत त्यासाठीं केंद्र उघडलें आणि त्यापायीं लोकांचे बोल सोसले. लोक त्यांच्या वाटेस आले, पण दोन पिढ्यांनंतर.

मरणें आधीं घटलीं आणि जन्म मागाहून घटले. या दोहोंच्या मधला जो काळ, त्याच काळांत वस्ती फुगली. महाराष्ट्रांत १९५१ सालीं ३ कोटि २० लाख माणसें होतीं, तीं २०११ सालीं ११ कोटि २४ लाख झालीं. हा मधला काळ आतां सरत आला आहे. कुटुंबांच्या आरोग्याची जी राष्ट्रीय पाहणी होते, तींत १९९२-९३ सालीं महाराष्ट्रांत एका स्त्रीस सरासरी २.९ मुलें होत असल्याचें निघालें होतें. २०१९-२१ च्या पाहणींत तो आंकडा १.७ निघाला. आईबाप दोघे असतात, त्यांची जागा भरून निघण्यास दोहोंहून किंचित अधिक मुलें व्हावीं लागतात, कारण कांहीं मुलें वयांत येण्याआधींच जातात. तेव्हां १.७ याचा अर्थ असा कीं, आपल्या राज्यांत आतां पिढी स्वतःची जागाही पुरती भरून काढीत नाहीं. बैठकींत बसून ‘लोक फार मुलें होऊं देतात’ असें म्हणणाऱ्यांनीं आपल्याच घरांतलीं नातवंडें मोजावीं.

आतां जमिनीकडे वळूं. दर चौरस किलोमीटरांत किती माणसें, यास घनता म्हणतात. २०११ सालीं महाराष्ट्राची घनता ३६५ होती. गडचिरोलीची ७४, रत्नागिरीची १९७, कोल्हापूरची ५०४. या आंकड्यांवरून रत्नागिरीकर कोल्हापूरकरापेक्षां ऐसपैस राहतो असें कोणास वाटेल. परंतु रत्नागिरींत जमीन म्हणून जें मोजलें जातें त्यांत डोंगर, वरकस आणि कातळ किती, हें ज्यानें तो मुलूख पाहिला आहे त्यास सांगावयास नको. कातळावर भात होत नाहीं. म्हणून शेतकऱ्यानें ही घनता न धरतां लागवडीच्या जमिनीमागें माणसें किती, ही धरावी. राज्यांत २०११ च्या सुमारास पेरणीखालचें निव्वळ क्षेत्र सुमारें १ कोटि ७४ लाख हेक्टर होतें. २०११ च्या वस्तीनें त्यास भागिलें, तर हेक्टरीं साडेसहा माणसें, म्हणजे एकरीं अडीचाहून थोडीं अधिक पडतात. यांत शहरचीं माणसेंही आलीं. ज्यांचें पोट थेट शेतीवर आहे तेवढींच धरलीं, तर तिसरी घनता निघते, आणि मजुरीचे दर कां चढले हें समजण्यास तीच उपयोगी.

या ठिकाणीं विद्वानांचा एक जुना वाद आहे. माल्थस नांवाच्या इंग्रज पाद्र्यानें १७९८ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, माणसें धान्यापेक्षां वेगानें वाढतात आणि अखेर उपासमार त्यांस आळा घालते. एस्टर बोसरप या डॅनिश विदुषींनीं १९६५ सालीं उलट मांडणी केली कीं, माणसें वाढलीं म्हणजेच शेतकरी पड टाकणें सोडतो, खत घालतो, एकाच्या जागीं दोन पिकें घेतो. आमच्या मतें आपल्या देशावरच्या मुलखांत या दोघांचा निवाडा पाणी करतें. जेथें पाणी पोंचलें तेथें बोसरपबाई खऱ्या ठरल्या. निफाडकडे दोन एकर द्राक्षांवर घर चालतें. जेथें पोंचलें नाहीं तेथें १९७२ च्या दुष्काळांत माल्थसचें म्हणणें दारापर्यंत आलें होतें. रोजगाराचीं कामें निघालीं म्हणून तें आंत शिरलें नाहीं.

जमिनीच्या वांटण्यांचा इतिहास पाहावयाचा, तर त्यास पिंपळे सौदागर या गांवासारखें दुसरें उदाहरण नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मान यांनीं या गांवचीं जुनीं दप्तरें धुंडाळून घरोघर चौकशी केली आणि १९१७ सालीं तिचें पुस्तक प्रसिद्ध केलें. सन १७७१ मध्यें, म्हणजे थोरल्या माधवराव पेशव्यांच्या अमदानींत, या गांवीं एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं पेशवाई बुडाली तेव्हां ती साडेसतरा एकर झाली होती. १९१४-१५ सालीं मान साहेबांनीं मोजली तेव्हां सात एकर उरली होती. तीही एके ठिकाणीं नव्हती. गांवांत १५६ जमीनमालक होते, त्यांच्या जमिनीचे मिळून ७२९ तुकडे होते, आणि त्यांपैकीं ४६३ तुकडे एक एकराहून लहान होते. वडिलोपार्जित चार शेतें असलीं तर चार भावांनीं एकेक शेत घ्यावें असें शहाणपण कोणास सुचत नसे. प्रत्येक शेताचे चार उभे तुकडे होत, कारण काळी रान एकास आणि मुरमाड दुसऱ्यास, हें भावकींत चालत नाहीं. आमच्या कारकिर्दींतल्या वाटणीपत्रांवरून सांगतों, तें अजूनही चालत नाहीं.

त्याच पिंपळे सौदागरांत आज कोणी गेलें, तर त्यास ज्वारीचें ताट दिसावयाचें नाहीं. तें गांव आतां पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. मान साहेबांनीं जे तुकडे एकरांत आणि गुंठ्यांत मोजले, त्यांवर उंच इमारती उभ्या आहेत, त्यांत देशाच्या सर्व भागांतून आलेले लोक राहतात, आणि जमीन चौरस फुटांवर विकली जाते. जन्मानें त्या गांवची वस्ती जेवढी वाढली असती, त्याच्या कितीतरी पट ती बाहेरून येणाऱ्यांनीं वाढविली. पुणें जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दहा वर्षांत शेंकडा ३० नें वाढली, त्याच काळांत सबंध राज्याची शेंकडा १६ नें. ज्या तुकड्यानें धन्याचें पोट भरत नव्हतें, त्याच तुकड्यानें नातवास लक्षाधीश केलें, अशीं घरें त्या बाजूस आहेत. आणि आलेला पैसा पांच वर्षांत उडवून आतां त्याच इमारतींच्या फाटकावर पहारा करणारेही आहेत.

परंतु आपल्या बहुतेक वाचकांचीं गांवें शहराच्या तोंडांत आलेलीं नाहींत. त्यांच्यासाठीं खरे आंकडे निराळे आहेत, आणि आमच्या सर्व सांगण्याचा मगदूर त्यांतच आहे. शेतीगणनेप्रमाणें महाराष्ट्रांत १९७०-७१ सालीं वहितीचीं खातीं सुमारें ४९ लाख ५० हजार होतीं आणि खात्याचें सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होतें. २०१५-१६ सालीं खातीं सुमारें १ कोटि ५३ लाख झालीं आणि सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकर राहिलें. खातीं तिपटीहून अधिक झालीं. आतां माणसें पहा. राज्याच्या खेड्यांतली वस्ती १९७१ सालीं ३ कोटि ४७ लाख होती, ती २०११ सालीं ६ कोटि १६ लाख झाली. ही वाढ दुपटीचीही नाहीं. गणनेचीं वर्षें चार-पांच सालांनीं मागेंपुढें आहेत हें खरें. पण तेवढ्यानें एवढें अंतर पडत नाहीं. खेड्यांतलीं माणसें पावणेदोन पट झालीं, मग खातीं तिप्पट कां व्हावीं?

एक कारण असें कीं, आपल्याकडे ही गणना मुख्यतः जमिनीच्या दप्तरावरून होते, आणि दप्तरांत जें दिसतें तें सगळें रानांत असतेंच असें नाहीं. १९६१ सालीं कमाल जमीनधारणेचा कायदा आला, तेव्हां पुष्कळ मोठ्या खातेदारांनीं आपलीं खातीं कागदावर फोडलीं. पुढें अल्पभूधारकांस सवलती मिळूं लागल्या, तेव्हां मध्यम खातेदारांनींही तोच मार्ग धरिला. औत एक, विहीर एक, आणि खातीं तीन, अशीं घरें प्रत्येक गांवांत आहेत. एकत्र कुटुंबें मोडलीं, चुली वेगळ्या झाल्या, तसें दप्तरही वेगळें झालें, हें दुसरें कारण. पण यांहून मोठें कारण काळाच्या अंतराचें आहे, आणि तें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

असें समजा कीं, १९६० सालच्या सुमारास एका गांवीं वीस एकरांचा खातेदार होता. त्यास पांच मुलगे झाले आणि औषधपाण्याच्या सोईमुळें पांचही जगले. त्याच्या बापास सहा झाले होते, त्यांतला तो एकटाच वांचला होता, म्हणून वीस एकर त्यास अखंड मिळालें होतें. हा खातेदार १९८५ सालीं वारला. पांच मुलांस चार-चार एकर आलें. या पांचांनीं काळ ओळखून दोन-दोनच मुलांवर थांबविलें. म्हणजे १९९० च्या सुमारास त्या घरांतले जन्म निम्म्याहून कमी झाले. पण जमिनीची पुढची वाटणी १९९० सालीं होत नाहीं. ती हे पांच भाऊ वारतील तेव्हां, म्हणजे २०२० ते २०३५ च्या दरम्यान होणार, आणि वीस एकरांस दहा नांवें लागणार. पाळण्यांतली संख्या घटली तरी सातबाऱ्यावरची घटावयास चाळीस वर्षें लागतात. १९५५ ते १९८० या काळांत जन्मलेली आणि जगलेली जी मोठी पिढी, तिच्या वाटण्या आतां चालू आहेत. तुकडे आज पडत आहेत, त्यांचें बीं आजोबांच्या वेळचें आहे.

मुलींच्या हिश्श्याविषयीं येथेंच लिहितों. वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालीं आणि सबंध देशांत २००५ सालीं मिळाला. यामुळें तुकडे वाढले अशी ओरड आम्ही पुष्कळ ऐकली आहे. ही ओरड करणारे आपली सूनही कोणाची तरी मुलगी आहे, हें विसरतात. घरांतली निम्मी जमीन मुलीबरोबर गेली, तर सुनेबरोबर दुसऱ्या घरची निम्मी येते; दोन मुलांच्या घरांत बेरीज जागच्या जागीं राहते. खरी अडचण निराळी आहे. आलेली जमीन चाळीस कोसांवर असते, ती कसतां येत नाहीं, आणि म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची घाई होते. न्याय कायद्यानें दिला. जमीन एकत्र आणण्याची सोय मात्र त्या कायद्यानें दिलेली नाहीं. १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा तुकड्यांच्या विक्रीस आणि वाटपास आळा घालतो, पण खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांचीं नांवें लागणें तो थांबवूं शकत नाहीं.

आणि हीं नांवें ज्यांचीं, तीं माणसें गांवांत असतात काय? आमच्या नोकरींतलें एक प्रकरण सांगतों. नऊ एकर बारा गुंठ्यांचा एक गट होता, त्यावर तेवीस नांवें होतीं. त्यांपैकीं गांवांत राहणारीं चार. बाकीचीं पुणें, मुंबई, सुरत अशीं पांगलेलीं, आणि दोन नांवें तर मयत इसमांचीं, त्यांच्या वारसांची नोंदच कोणीं केलेली नव्हती. सर्व जमीन कसणारा धाकट्या पातीचा एक मनुष्य होता. त्यास विहिरीसाठीं कर्ज पाहिजे होतें. कर्ज देणाऱ्यांनीं सर्व सहहिस्सेदारांच्या सह्या मागितल्या. त्यानें दोन वर्षें खेपा घातल्या, अठरा सह्या मिळविल्या. एकोणिसावा म्हणाला, माझा हिस्सा आधीं मोजून द्या. विहीर झाली नाहीं. त्या मनुष्यानें पुढें जमीन पड टाकली आणि तोही गेला, तो एका कारखान्याच्या गोदामावर आहे असें मागाहून कळलें. त्या गांवची घनता मोजणाऱ्यास त्या वर्षीं एक कुटुंब कमी झालेलें दिसलें असेल; दप्तरांत तेवीसचे पंचवीस झालेले आम्हीं पाहिले.

चौथी वाट ती हीच, गांव सोडण्याची. तिच्या खुणा खानेसुमारींत स्पष्ट दिसतात. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची वस्ती वाढत असतां रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गाचीही शेंकडा दोननें घटली. तेथें साथ आली नव्हती, दुष्काळ पडला नव्हता. घरचा कर्ता पुरुष मुंबईस आणि बाई शेतावर, ही कोंकणची चाल गिरण्यांच्या काळापासूनची आहे, आणि तिचा पुरावा असा कीं, २०११ सालीं रत्नागिरींत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या, तर मुंबई शहरांत ८३२. एकाच घराचीं हीं दोन टोकें आहेत.

मराठवाड्यांत आणि नगरच्या पूर्वेस निराळी रीत आहे. तेथें माणूस गांव सोडीत नाहीं, दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवराबायको मिळून एक कोयता म्हणून कारखान्याच्या फडावर जातात आणि उन्हाळ्यांत परततात. २०११ ची शिरगणती ९ ते २८ फेब्रुवारीस झाली, म्हणजे ऐन गाळपांत. या सबंध मुदतींत ज्यांचा मुक्काम फडावर होता, त्यांची नोंद फडाच्या गांवीं व्हावयाची. त्यामुळें बीडकडील गांव कागदावर जेवढें लहान दिसतें, तेवढें तें जुलैंत पेरणीच्या वेळीं नसतें. पाणी, शाळा आणि रेशन यांची तरतूद मात्र कागद पाहून होते.

त्याच बीड जिल्ह्यांत २०११ सालीं सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें ८०७ मुली होत्या; दहा वर्षांपूर्वीं ८९४ होत्या. गर्भलिंगनिदानास १९९४ च्या कायद्यानें बंदी असतां हें घडलें. ही तूट परमेश्वरानें केलेली नाहीं. त्या वेळचे ते मुलगे आतां लग्नाच्या वयाचे होत आहेत, आणि त्यांत शेतावर राहणाऱ्यास मुलगी द्यावयास कोणी तयार नाहीं. डिसेंबर २०२२ मध्यें सोलापुरास अविवाहित तरुणांनीं बाशिंगें बांधून, वाजंत्री लावून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. लोक हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. कारण ज्या घरांत लग्न नाहीं, त्या घरचें औत त्या मुलाबरोबर थांबावयाचें, आणि जमीन चुलतभावांच्या नांवांच्या यादींत जावयाची.

तर कोडें असें सुटतें. जमिनीवर हक्क सांगणारे वाढले आहेत आणि जमिनीवर राबणारे घटले आहेत. पहिल्यांची संख्या गेल्या पिढीच्या जन्मांनीं ठरली, दुसऱ्यांची या पिढीच्या स्थलांतरानें ठरते. आणि राबणाऱ्यांचें वयही चढलें आहे. २०११ सालींच राज्यांत दर दहा माणसांमागें जवळ जवळ एक साठीच्या पुढचें होतें, आणि तरुण बाहेर गेल्यामुळें खेड्यांत हें प्रमाण डोळ्यांस अधिकच जाणवतें.

शेतकऱ्याच्या हातीं यांतलें काय आहे, तें थोडक्यांत सांगतों. जन्म-मरणाचें प्रमाण कोणा एकाच्या हातीं नाहीं. दप्तर मात्र आहे. घरांत मृत्यु झाल्यावर तीन महिन्यांचे आंत वारसाची वर्दी द्यावी. ती न दिल्यानें एका मयताच्या जागीं पुढें आठ वारस शोधावे लागतात. भाऊ-भाऊ बोलत आहेत तोंवरच वाटप करून घ्यावें; १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमान्वयें संमतीचें वाटप तहसीलदारांकडे होतें, दिवाणी दाव्याची वाट धरावी लागत नाहीं. वाटप करतांना प्रत्येक गटाचे उभे तुकडे न पाडतां गटावार वांटणी करावी, आणि कमी कसाच्या रानाची भरपाई पैशानें किंवा विहिरींतल्या पाण्याच्या पाळ्यांनीं करावी. शहरांत राहणाऱ्या भावानें जमीन विकावयाची नसेल, तर कसणाऱ्यास विहीर, ठिबक, कर्ज यांपुरतें संमतिपत्र करून द्यावें. कोणत्याही गोष्टीपेक्षां या एका कागदाअभावीं अधिक रान पड पडलेलें आम्हीं पाहिलें आहे.

राहतां राहिली शिरगणतीची गोष्ट. २०२१ ची खानेसुमारी कोरोनाच्या साथीमुळें झाली नाहीं. १ मार्च २०२७ ही तारीख धरून पुढची घेण्याचें सरकारनें जून २०२५ मध्यें जाहीर केलें. गणतीदार दारीं आला म्हणजे रेशनकार्डावर असतील तितकीं नांवें सांगण्याची आपली संवय आहे. त्यामुळें पुण्यास खोली करून राहणारा मुलगा गांवींही मोजला जातो आणि पुण्यासही. जो जेथें राहतो तेथेंच त्यास सांगावें. आणि ‘घरांतली बाई काय काम करते’ असें विचारलें असतां आपण ‘कांहीं नाहीं, घरींच असते’ असें म्हणून मोकळे होतों. धारा काढणें, खुरपणी, कापूस वेंचणी, मोटार चालू करण्यास रात्रीं रानांत जाणें, हें सर्व करणारी ती बाई मग सरकारी तक्त्यांत बिनकामाची म्हणून पडते. पुरुष शहरांत गेलेल्या गांवीं शेती कोण करतें, याचें उत्तर त्या एका रकान्यांत असतें, आणि तो रकाना आपल्या सांगण्यावरून भरला जातो.